राबणाऱ्या माणसाला आसने कशाला?

आमचा वर्ग रात्री आठ वाजता भरतो. गावच्या समाजमंदिरात आम्ही बसतो. भाकरी खाऊन, गोठ्यातले उरकून मंडळी येतात. बाया येतात, बाप्ये येतात. कोणाला पुस्तकावरच डुलकी लागते. तरी येतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन महिना झाला होता. उन्हाळी कांद्याची लागण चालू होती. त्या रात्री आम्ही फळ्यावर 'योग' हा शब्द लिहिला. यो आणि ग. दोनच अक्षरे. सर्वांनी तो वाचला. मग आम्ही म्हणालो, "उद्यापासून पहाटे इथेच थोडी आसने करू. ज्याला यायचे त्याने यावे."

मागच्या रांगेत एक अण्णा बसतात. वय साठीच्या पुढे. सही करायला ते त्याच वर्षी शिकले होते. बँकेत अंगठा देणे त्यांनी बंद केले होते आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. ते म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? दिवसभर आम्ही वाकतो, उठतो. पाटी उचलतो. बांधावरून चार-चार फेऱ्या होतात. हेच आमचं आसन! आता पहाटे उठून आनखी कशाला वाकायचं? ते खुर्चीत बसणाऱ्या लोकांचं काम."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तर तयार नव्हते. पुस्तकात योगाचे फायदे लिहिलेले होते. पण ते पुस्तक खुर्चीत बसणाऱ्यानेच खुर्चीत बसणाऱ्यांसाठी लिहिले असावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांच्याच वावरात गेलो. बांधावर बसून पाहू लागलो. वाफ्यात आठ बाया कांदा लावीत होत्या. कंबरेतून विळ्यासारख्या वाकलेल्या. एका हातात रोपाची जुडी. दुसऱ्या हाताने रोप खोचायचे आणि मागे सरकायचे. आम्ही त्यांतल्या एका काकूंवर नजर ठेवली. तासाभरात त्यांनी पाठ सरळ केली ती चारदा. तीही पुरती नाही. हात कंबरेवर ठेवायचा, "आई गं" म्हणायचे आणि पुन्हा खाली.

मग आम्हाला उत्तर सापडले. त्या बाईचे अंग काम करीत होते, यात शंका नाही. पण ते एकाच बाजूला काम करीत होते. पुढे वाकणे, पुढे वाकणे आणि पुढेच वाकणे. मागे वाकण्याची वेळ दिवसभरात एकदाही आली नव्हती. खांदे वर जाऊन कानाला टेकायला आले होते. श्वास छातीच्या वरच्या टोकालाच अडकला होता. हमालाचे तसेच. त्याचे एकच खांद ओझे घेते. ट्रॅक्टरवाल्याचे तसेच. तो दिवसभर हादरे खातो आणि मान एकाच बाजूला वळवून मागे पाहतो.

बैलगाडीचे चाक रोज फिरते. म्हणून त्याला वंगण लागत नाही, असे कोणी म्हणेल का? उलट जे चाक जास्त फिरते त्यालाच वंगण जास्त लागते.

आता पाठीचा कणा कसा आहे ते पाहू. कणा म्हणजे एकच लांब हाड नव्हे. तो माळेसारखा आहे. मानेपासून कंबरेपर्यंत २४ सुटे मणके एकावर एक बसलेले असतात. बहुतेक दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. या गादीमुळे आपण वाकतो, वळतो आणि हादरे सोसतो. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. मग तिला पोषण कसे मिळते? ओल्या फडक्यासारखे. दाब आला की तिच्यातले थोडे पाणी बाहेर जाते. दाब कमी झाला की ते पुन्हा आत येते आणि आपल्याबरोबर पोषण आणते. म्हणजे गादीला हालचाल हवी आणि विश्रांतीही हवी. दिवसभर एकाच बाजूने दाब पडला तर तिची ती बाजू बिचारी चेपूनच राहते.

यात एक गंमत आहे. रात्रभर आपण आडवे असतो, तेव्हा या गाद्या पाणी पिऊन फुगतात. म्हणून माणूस सकाळी उठतो तेव्हा आदल्या संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो! दाराच्या चौकटीला खूण करून कोणीही हे पाहावे. आणि म्हणूनच उठल्याबरोबर एकदम खाली वाकून जड हंडा उचलू नये. फुगलेल्या गादीवर तेव्हा ताण जास्त येतो. अर्धा-पाऊण तास हिंडावे-फिरावे, मग वाकायची कामे काढावी. हे एवढे जरी पाळले तरी पुष्कळ कंबरा वाचतील.

आम्ही हे सारे रात्री वर्गात सांगितले. अण्णांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते आले. त्यांच्यासह सहाजण आले. बाई एकही नाही. त्याचे पुढे सांगू.

आसने कठीण असतात असा लोकांचा समज आहे. पाय मानेत अडकवलेले चित्र पाहिले की माणूस हात जोडतो. ते सर्वांसाठी नाही. पतंजली मुनींनी योगावर ग्रंथ लिहिला, त्यातही आसनाविषयी त्यांची अपेक्षा साधीच आहे. शरीर स्थिर राहावे आणि बसणाऱ्याला सुख वाटावे. ज्यात दात-ओठ खावे लागतात ते आसन नव्हे, ती कुस्ती झाली.

वाकून काम करणाऱ्यांसाठी आम्ही सर्वांत आधी भुजंगासन घेतले. भुजंग म्हणजे नाग. नाग फणा काढतो तसे हे दिसते. सतरंजीवर पालथे झोपावे. कपाळ जमिनीला लावावे. पाय जुळवावे. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना टेकावे. कोपरे अंगाजवळ ठेवावी. आता श्वास घेत हळूहळू आधी डोके उचलावे, मग छाती उचलावी. बेंबी जमिनीवरच राहू द्यावी. हातांनी रेटून वर जाऊ नये. पाठीच्या जोराने जेवढे उचलेल तेवढेच उचलावे, मग ते चार बोटे का असेना. तिथे चार-पाच श्वास थांबावे. नंतर जसे वर गेलात तसेच सावकाश खाली यावे. असे तीनदा करावे.

दिवसभर जी पाठ पुढे ताणलेली असते ती इथे मागे वळते. पाठीचे जे स्नायू नुसते ताणून दमलेले असतात ते इथे आवळून बळकट होतात. आकसलेली छाती उघडते. पहिल्या दिवशी अण्णांची छाती वीतभरही उचलली नाही. म्हणाले, "आयला, नागाचं गांडूळ झालं!"

त्यानंतर गुडघे-हात टेकून मांजरासारखे उभे राहायचे. पाठ एकदा वर गोल करायची, एकदा खाली सोडायची. याला मार्जारासन म्हणतात. झोपून उठलेले मांजर हेच करते. त्याला कोणी शिकवले नाही. मग उताणे झोपून एकेक गुडघा पोटाशी धरायचा. मग उभे राहून दोन्ही हात वर ताणायचे, जणू आढ्याचे वासे धरायचे आहेत. म्हाताऱ्या मंडळींना आम्ही आणखी एक सांगतो. एका पायावर उभे राहायचे, दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला लावायचा. एक हात मात्र भिंतीला किंवा मेढीला असू द्यावा. याने तोल सांभाळायची सवय लागते. म्हातारपणी न्हाणीत पाय घसरून मांडीचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. कैक घरांनी हे पाहिले आहे. तोल जितका पक्का तितके पडणे कमी.

आसनांचा उपयोग होतो हे नुसते आम्ही म्हणतो असे नाही. आपल्या महाराष्ट्रातच याची तपासणी झाली आहे. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक होते. जन्म १८८३ सालचा. ते खानदेशात अमळनेरला काम करीत होते. नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजी नावाचे योगी राहत. त्यांच्यापाशी गुणे योग शिकले. पण गुरूने सांगितले म्हणून मानायचे आणि गप्प बसायचे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. पोट आत ओढल्यावर आतड्यात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांनी फोटो काढून पाहिले. आतला दाब यंत्राने मोजला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. तेथे योगाची प्रयोगशाळा उभी केली. लोक त्यांना पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले. १९६६ साली ते वारले. संस्था अजून आहे.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचेही नाव घ्यायला हवे. सूर्यनमस्कारांचे त्यांना वेडच होते. स्वतः घालीत आणि संस्थानातल्या शाळांत मुलांकडूनही घालून घेत. राजा स्वतः घाम गाळतो म्हटल्यावर प्रजा टाळाटाळ कशी करणार?

अलीकडे परदेशातल्या डॉक्टरांनीही कंबरदुखीवर अभ्यास केले. २०१७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने सल्ला दिला. कंबरदुखी जुनी असेल तर आधी गोळ्यांकडे धावू नये, व्यायाम करावा, त्यात योगही करून पाहावा, असा तो सल्ला. मात्र त्या अभ्यासांतून दिसलेला आराम थोडा ते मध्यम आहे. दुखणे जादूने पळून जात नाही. आणि पुष्कळ अभ्यासांत माणसांनी दोन-तीन महिने नेमाने आसने केली, तेव्हा फरक दिसला. चार दिवसांत नव्हे.

हे नेमाचे काम मोठे अवघड. २०१५ सालापासून २१ जून हा योगदिन म्हणून जगभर पाळतात. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पोरे ओळीने हात वर करतात. फोटो निघतात. चांगले आहे, आमची ना नाही. पण वर्षातून एक दिवस पोटभर जेवून कोणी वर्ष काढील का? पहिले आठ दिवस उलट अंग दुखते. त्यातच निम्मी माणसे गळतात. तीन-चार आठवडे गेले की सकाळी उठताना कंबर कुरकुरत नाही असे ध्यानात येते. आणि दोन महिने सोडून दिले की गाडी पुन्हा जिथल्या तिथे. ताकावरचे लोणी रोज काढावे लागते, एकदा काढून वर्षभर पुरत नाही.

आता मनाचे पाहू. हे आम्ही लिहितो खरे, पण जरा बिचकूनच लिहितो. मनाच्या शांतीची मोठमोठी आश्वासने देणारे पुष्कळ आहेत. आसनाने कर्ज फिटत नाही. कांद्याचा भाव वाढत नाही. ज्याच्या घरात खरी अडचण आहे त्याला "शांत बस, श्वास घे" म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. मग उपयोग कशाचा?

आमच्या वर्गात एक तरुण दादा येतात. त्यांच्या शिवारात शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रीच्या आठवड्यात ते बॅटरी घेऊन दारे धरायला जातात. पाटाचे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात. विंचू-काट्याची भीती. पहाटे घरी येतात तर झोप येत नाही. डोके भणभणते. सोसायटीचा हप्ता आठवतो. पोराने पेला सांडला तरी हात उगारला जातो. आणि मग स्वतःचेच वाईट वाटते. "मी असा नव्हतो," असे ते एकदा आमच्याशी बोलले.

शरीरात दोन व्यवस्था आहेत. एक पळवणारी, एक निववणारी. साप दिसला की पहिली जागी होते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, अंग ताठते. पळायला हे हवेच. साप गेला की दुसरीने काम हाती घ्यायचे असते. पण हप्त्याची चिंता हा असा साप आहे की तो जातच नाही. म्हणून पहिली व्यवस्था रात्रंदिवस जागी राहते. झोप उडते, पोट बिघडते, राग नाकावर बसतो.

आपण छातीला हुकूम देऊ शकत नाही की हळू धडधड. ती ऐकत नाही. पण श्वास ऐकतो. बैल आपल्यापेक्षा दहापट बळाचा, तरी कासरा हातात असला की तो वळतो. श्वास हा असा कासरा आहे. श्वास सावकाश सोडला की निववणारी व्यवस्था जागी होते आणि छातीची धडधड थोडी मंदावते.

हे खोटे वाटत असेल तर करून पाहा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. सोडताना नाडीचे ठोके जरा लांब लांब पडतात. तरुण माणसाला हे चटकन कळते. वयस्काला तेवढे कळत नाही, पण म्हणून उपयोग होत नाही असे नव्हे.

मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. आम्ही वर्गात तो सहावर आणतो. मनात चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजेपर्यंत सोडायचा. एक आकडा म्हणजे एक सेकंद. कोंडून धरायचा नाही. छाती नव्हे, पोट वर-खाली झाले पाहिजे. पाळण्यात झोपलेले बाळ पाहा. त्याचे पोट कसे लोहाराच्या भात्यासारखे हलते. आपणही तसाच श्वास घेत होतो, पुढे संसारात विसरलो. दम लागतो असे वाटले तर आकडे कमी करावे. दहा मिनिटे हे झाले की शवासन. उताणे पडायचे, हातपाय सैल सोडायचे आणि पायाच्या बोटापासून कपाळापर्यंत एकेका अवयवाला मनाने सांगत जायचे की बाबा, आता सुटी.

त्या दादांनी हे धरले. हप्ता अजून आहेच. रात्रीची वीजही आहे. पण दारे धरून आल्यावर ते भिंतीशी बसून आधी श्वास मोजतात, मग आडवे होतात. पूर्वी तळमळत पडायचे, आता तास-दोन तास तरी डोळा लागतो, असे ते सांगतात. त्यांच्या पोराने आमच्याजवळ वेगळेच सांगितले. "आबा आता लगेच न्हाई मारत. आधी फूं करत्यात."

बायांचे सांगायचे राहिले. पहाटे त्या का येत नाहीत, हे विचारायला आम्ही घरोघर गेलो. उत्तर सगळीकडे एकच. पहाटे पाणी येते, चूल असते, डबे असतात. एक सून हळूच म्हणाली, "ताई, मी सतरंजीवर पडले तर सासूबाई म्हनतील, दिवस उगवला तरी ही लोळतीच." सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. आम्हाला वाटले, आता झाले. पण त्यांनी स्वतःच्या कंबरेवर हात ठेवला आणि विचारले, "मला जमंल का?"

तेव्हापासून बायांचा वर्ग दुपारी चारला भरतो, शेतातून आल्यावर आणि चूल पेटण्याआधी. दार लावून घेतात. दुपारच्या भाकरीनंतर तीन-साडेतीन तास गेलेले असतात, तेवढे हवेतच. पोट रिकामे असावे एवढाच नेम, पहाटच पाहिजे असे नाही. अडचणीच्या दिवसांत जेवढे सोसेल तेवढेच करावे. दिवस गेले असतील तर पालथे झोपून करायची आसने करू नयेत, आणि कोणती करावी हे नर्सबाईंना विचारूनच ठरवावे. मंत्र म्हणायची सक्ती आम्ही करीत नाही. ज्याला आपल्या देवाचे नाव घ्यायचे त्याने घ्यावे, नसेल त्याने आकडे मोजावे. आमच्या वर्गात दोन्ही चालते.

आता जे लिहायचे ते लिहायला जड जाते. पण न लिहिले तर हा पाठ खोटा होईल.

अण्णांना बीपी होते. म्हणजे रक्ताचा दाब जास्त होता. सरकारी दवाखान्यातून रोजची एक गोळी चालू होती. वर्गाला येऊन त्यांना तीन महिने झाले. नागाचे गांडूळ आता खरेच नाग झाले होते. झोप छान लागत होती. अंग हलके वाटत होते. अण्णांनी मनाशी ठरवले, आता गोळीचे काय काम? आणि गोळी बंद केली. कोणाला सांगितले नाही. आम्हालाही नाही.

चैत्रात एका सकाळी चहा पिताना त्यांच्या तोंडातून चहा ओघळला. तोंड एका बाजूला वाकडे झाले. उजवा हात उचलेना. बोलणे बोबडे झाले. घरच्यांनी आधी तेल चोळले. कोणी म्हणाले वारे गेले, अमक्या गावाला औषध देतात. सुदैवाने आशाताई शेजारीच राहतात. त्यांनी १०८ ला फोन लावला. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. अण्णा वाचले. पण उजव्या हातात पूर्वीची ताकद आली नाही. ज्या हाताने ते सही करीत तोच तो हात.

चूक आमची होती. आम्ही आसनांचे फायदे भरभरून सांगितले. पण चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे वाक्य आम्ही त्या तीन महिन्यांत एकदाही फळ्यावर लिहिले नव्हते. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. अंग हलके वाटते म्हणून दाब उतरला, असे समजता येत नाही. तो यंत्रावरच मोजावा लागतो. नियमित आसने आणि सावकाश श्वास यांनी दाब थोडा उतरतो, हे खरे आहे. साखरेच्या आजारातही थोडी मदत होते. पण थोडा म्हणजे थोडाच. मोजून पाहून डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील तर आनंदच आहे. आपण होऊन करू नये.

आता आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हे लिहिले आहे. तोंड वाकडे, हात लुळा, बोली बोबडी, यांपैकी एक जरी दिसले तरी तेल नको, अंगारा नको, वेळ पाहून ठेवा आणि लगेच १०८. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके बरे. त्याखाली आणखी लिहिले आहे. ज्याला बीपी आहे, हृदयाचा आजार आहे किंवा डोळ्यातला दाब वाढलेला आहे त्याने शीर्षासन, सर्वांगासन असली उलटी आसने करू नयेत. भाता जोरात हलवल्यासारखा श्वास करू नये. पायात मुंग्या येतात, पाय बधिर होतो, लघवीवर ताबा राहत नाही किंवा पडल्यानंतर कंबर दुखते, तर ते काम आसनाचे नाही, डॉक्टरांचे आहे.

अण्णा दिवाळीनंतर पुन्हा वर्गाला येऊ लागले. आम्ही त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायला कचरत होतो. त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "गुरुजी, तुमी शिकवलं ते वाईट न्हवतं. मी अर्धंच शिकलो." डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते आता खुर्चीवर बसून हात हलवतात, डाव्या हाताने उजवा उचलून वर नेतात आणि श्वास मोजतात. रात्री डाव्या हाताने अक्षरे गिरवतात. 'अ' अजून लोळतो.

त्यांच्या घरी दाराजवळ भिंतीवर तारखांचे पान टांगलेले आहे. रोजच्या तारखेच्या चौकटीत ते डाव्या हाताने दोन खुणा करतात. गोळी घेतली की रेघ. आसने झाली की गोल. महिना संपला की ते पान वर्गात आणतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. मागल्या महिन्यात रेघा तीस होत्या. गोल बावीस होते. आठ कोठे गेले, म्हणून सासूबाईंनी हटकले. अण्णा म्हणाले, "पाच दिस पाव्हनं होतं. तीन दिस कंटाळा केला, खोटं कशाला बोलू?"